गांजा कोण धूत असे? खळे, तळहात आणि तागडी

मंडळी, आजचा धागा एका अवघडलेल्या विषयावर आहे, म्हणून आधीच स्पष्ट करतो: हा इतिहासाचा धागा आहे. आजच्या कायद्याने गांजाची लागवड हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कायद्यापर्यंत आपण शेवटी पोहोचणारच आहोत.

विषयाचे निमित्त असे. कॅनडात २०१८ साली गांजा कायदेशीर झाल्यापासून, आणि अमेरिकेच्या काही राज्यांत त्याच्याही आधीपासून, घरच्या आवारात चार-सहा रोपे लावणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला आहे. कापणीनंतर हे लोक गांजाचे तुरे धुतात. तीन बादल्या मांडलेल्या असतात. पहिलीत हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलेले पाणी, दुसरीत लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा, तिसरीत नुसते स्वच्छ पाणी. तुरे एकेका बादलीत बुडवून काढायचे आणि वाऱ्यावर उलटे टांगायचे. धूळ, मावा, बुरशी, कुत्र्यामांजरांचे केस, वणव्याच्या दिवसांत राख, असे बरेच काही त्या पाण्यात उतरते. ते गढूळ पाणी पाहून ‘हे सगळे आपण आजवर ओढत होतो काय’ असा प्रश्न त्यांना पडतो, आणि ही युक्ती म्हणजे अगदी अलीकडचा शोध आहे असा एक समजही त्यासोबत पसरतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या समजाला थांबवून विचारले पाहिजे. ज्या मुलखात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, मळले गेले आणि चिलमीत भरले गेले, तिथे ते कोणी धूत नसे काय? धूत असल्यास कोण? शेतकरी, व्यापारी, सरकार की ओढणारा?

उत्तर थोडक्यात आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा धागा त्या उत्तराच्या कारणांचा आहे. शेतकरी धूत नसे. व्यापारी आणि सरकार यांना तर पाण्याचा तिटकाराच होता. धूत असे तो शेवटचा माणूस, म्हणजे ज्याला आपली मराठी ‘गांजेकस’ म्हणून हिणवते तो.

हे आपल्याला कळते ते मुख्यतः एका प्रचंड दस्तऐवजामुळे. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी सदस्याने बंगालमधील गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारला. लंडनहून आलेली सूचना बंगालपुरती होती. हिंदुस्थान सरकारने ती सगळ्या देशाला लागू केली आणि जुलै १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, बंगालमधून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन, आणि तीन हिंदी सदस्य: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. या मंडळींनी सत्तर प्रश्नांची एक यादी देशभर पाठवली, १,१९३ साक्षीदारांची मते गोळा केली आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे खंड ऑनलाइन ठेवलेले आहेत. ज्यांना मूळ साधने वाचण्याची हौस आहे त्यांनी एखादी रविवारची दुपार त्यांना द्यावी.

आयोगाचा निष्कर्ष अनेकांना ठाऊक असतो: माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि शहाणपणाचीही नाही, नियंत्रण आणि कर हाच मार्ग. गांजामुळे वेड लागते या समजुतीसाठी वेड्यांच्या इस्पितळांच्या ज्या नोंदी पुढे केल्या जात होत्या, त्या तपासून पाहता बऱ्याचशा भरवशाच्या नाहीत असेही आयोगाला आढळले. मात्र अहवालावर राजा रॉय आणि लाला निहालचंद या दोघा हिंदी सदस्यांनी असहमतीच्या टिपा जोडल्या होत्या, हे फार कमी सांगितले जाते. ‘इंग्रजांनी बंदी घालायचे ठरवले आणि आपल्या लोकांनी ती रोखली’ असे सोपे चित्र काढणाऱ्यांनी त्या टिपा जरूर वाचाव्यात.

पण मला या अहवालात निष्कर्षापेक्षा अधिक मोलाचा वाटतो तो त्यातला कंटाळवाणा भाग. सत्तर प्रश्नांत ‘हे पीक कसे घेतात’, ‘माल कसा तयार करतात’, ‘कोण, कशा रीतीने सेवन करतो’ असे साधे प्रश्न होते. त्या प्रश्नांच्या उत्तरांत, ज्यांनी स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही अशा माणसांच्या हातांच्या हालचाली कागदावर उतरल्या आहेत. आपल्या बखरी आणि पत्रव्यवहार या हालचालींबद्दल बहुतेक गप्प असतात.

खानदेशाकडे वळण्यापूर्वी एक इशारा, विशेषतः गॅझेटियर नव्याने वाचू लागलेल्यांसाठी. इंग्रजी ‘हेम्प’ हा शब्द दिसला की तो गांजाच असे समजू नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, ज्यातला बारावा खंड १८८० चा खानदेशाचा आहे, हा शब्द तीन निरनिराळ्या वनस्पतींभोवती फिरतो. एक ताग, ज्याला सन असेही म्हणतात. दुसरी अंबाडी, जिच्या पाल्याची भाजी आपण आजही भाकरीबरोबर खातो. आणि तिसरी भांगेची जात, जिच्या मादी झाडाच्या तुऱ्यांना गांजा म्हणतात. पहिल्या दोन दोरखंडासाठी, गोणपाटासाठी. या तिन्हींचा एकमेकींशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. एखाद्या तालुक्याच्या पीकपाण्याच्या तक्त्यात ‘हेम्प’ पाहून ‘आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वी इतके एकर गांजा होता’ असे जाहीर करणारे लेख मी पाहिले आहेत. बहुतेक ठिकाणी ती बिचारी अंबाडी असते.

आता भूगोल. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. आयोगाच्या काळात मात्र तो एकच अवाढव्य जिल्हा होता आणि तो गांजा पिकवणाऱ्या दोन मुलखांच्या मध्ये सापडलेला होता. दक्षिणेला नगर, जिथला गांजा मुंबई इलाख्यात प्रसिद्ध होता. उत्तरेला सातपुडा ओलांडला की निमाड, म्हणजे मध्य प्रांतांतील खंडवा. मध्य प्रांतांच्या सरकारने आपल्या हद्दीतली गांजाची लागवड खंडव्याजवळच्या पट्ट्यापुरती मर्यादित केली होती.

खंडवा खानदेशाला परका नाही. फारुकी सुलतानांचे खानदेश ज्या बुऱ्हाणपुरातून चालत होते, ते बुऱ्हाणपूर इंग्रजी अमलात याच निमाड जिल्ह्याचा भाग झाले. म्हणजे जुन्या खानदेशाची राजधानी एका प्रांतात आणि खानदेशची बाकी सारी जमीन दुसऱ्या प्रांतात. बोली, बाजार, सोयरिकी यांना ही रेघ ठाऊक नव्हती. अबकारी खात्याला मात्र ठाऊक होती. त्यात १८७० पर्यंत मुंबई ते जबलपूर लोहमार्ग पुरा झाला आणि भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा ही स्थानके एका माळेत ओवली गेली. आजूबाजूला होळकर-शिंद्यांची संस्थानी हद्द. प्रत्येक हद्दीत परवान्याचे नियम वेगळे, कर वेगळा, आणि माल असा की एका गाठोड्यात मावेल.

मग हा माल तयार कसा होत असे?

पेरणी पावसाळ्यात, काढणी थंडीत. मधल्या काळातले सर्वांत नाजूक काम म्हणजे नर झाडे ओळखून उपटून टाकणे. नराचा पराग मादीला लागला की तुऱ्यात बी धरते आणि राळ कमी होते. बंगालमध्ये राजशाही भागात नवगावच्या ‘गांजा महाला’त या कामासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार वेगळी मजुरी घेऊन शेतोशेत फिरत असे. नवगावची ही सारी पद्धत हेमचंद्र केर यांनी १८७७ च्या अहवालात आणि डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये इतक्या बारकाईने नोंदवली आहे की ती वाचून शेत डोळ्यांपुढे उभे राहते.

काढणी झाली की तुरे खळ्यावर येत. खळे म्हणजे आपल्याला ज्वारी-बाजरीमुळे माहीत असलेले तेच, चोपून घट्ट केलेल्या मातीचे. तुरे उन्हात पसरायचे, थोडे सुकले की माणसांनी एका ओळीत त्यांच्यावरून चालायचे. अनवाणी. पायांच्या दाबाने पाने गळतात, तुरे दबतात, आतली चिकट राळ त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. मग उलटायचे, पुन्हा ऊन, पुन्हा पाय; मधूनमधून ढीग रचून दाबून ठेवायचे. असे काही दिवस चालले की ‘चपटा’ गांजा तयार होतो. बंगालमध्ये तुरे पायाखाली गोल वळवून ‘गोल’ गांजाही करीत. या खटाटोपात जे सुटून पडे तो ‘चुरा’.

या वर्णनात आंघोळ कुठेच नाही. उलट मातीचे खळे, उघडे पाय, दिवसभराची धूळ! आजचा बादलीवाला लागवडदार हे पाहून बेशुद्ध पडेल. पण शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ पाणी टाळण्याची दोन भक्कम कारणे होती.

पहिले कारण बुरशी. गांजाचा तुरा ही दाट, गच्च रचना असते. आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही, आणि ओला माल ढिगात गेला की आतून काळा पडतो. आज तुरे धुणारे लोकही धुतल्याबरोबर पंखे लावतात, तुरे सुटे टांगतात, खोलीतली आर्द्रता मोजतात. शेकडो तुरे धुऊन टांगायला एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याजवळ ना जागा होती ना मनुष्यबळ. त्याचा सारा भर कोरडेपणावर. मार्गशीर्ष-पौषातले दख्खनचे कोरडे ऊन हेच त्याचे यंत्र.

दुसरे कारण वजन. गांजा तागडीत तोलून विकला जात असे आणि वजनावरच कर बसत असे. ओला माल जड भरतो. त्यामुळे घेणाऱ्याच्या नजरेत पाणी मारलेला गांजा म्हणजे सरळ फसवणूक. कापूस ओला करून वजन वाढवण्याच्या तक्रारी खानदेशच्या बाजारांना नव्या नाहीत. गांजाच्या बाबतीत शंका तीच, फक्त माल महाग आणि हिशेब सरकारी.

सरकारी हिशेबाचे थोडे सविस्तर सांगायला हवे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गांजा, भांग आणि चरस हे मादक पदार्थ म्हणून नियंत्रणाखाली आणले. बंगालचा कारभार याहून काटेकोर होता: पीक परवान्याने, माल सरकारी देखरेखीच्या कोठारात, आणि बाहेर पडताना शेरामागे कर. हा करही सरसकट नव्हता. चपट्यावर कमी, गोलवर त्याहून जास्त, चुऱ्यावर सर्वांत जास्त. कारण साधे आहे. चपट्यात काड्या जास्त, चुऱ्यात जवळजवळ नाहीतच. एक शेर चपट्यात ओढण्याजोगा भाग कमी, म्हणून करही कमी. म्हणजे अबकारी खात्याने एका वनस्पतीतले काडी, पान आणि राळ यांचे प्रमाण रुपये-आण्यांत मांडून दाखवले होते. कोठारात पडून माल सुकला की वजन घटते, त्या घटीचा हिशेब कसा धरायचा, हाही कारकुनांचा नित्याचा डोकेदुखीचा विषय. १८९४ च्या आयोगाने शिफारस केली ती साधारण याच धर्तीची: परवान्याशिवाय लागवड नको, ती मोजक्या भागांत एकवटावी, माल कोठारात राहावा, वजनावर थेट कर बसावा, दुकानांची संख्या आणि जवळ बाळगण्याचे प्रमाण यांवर मर्यादा असावी.

या व्यवस्थेत माल स्वच्छ आहे का, असे विचारण्याची जागाच नव्हती. वजन तपासले जाई, परवाना तपासला जाई, गाठोड्यावरची मोहर तपासली जाई. खळ्यावरची माती, किडे, पक्ष्यांची विष्ठा, वाहतुकीतली घाण हे सारे तसेच्या तसे दुकानापर्यंत आणि दुकानातून गिऱ्हाइकाच्या पुडीपर्यंत जात असे. त्या मातीवरही शेराच्या दराने कर भरलेला असे, ही यातली गंमत.

आणि इथे येतो तळहात.

ओढण्यापूर्वी गांजा कसा तयार करतात, याचे आयोगासमोर आलेले वर्णन प्रांताप्रांतांत थोडेफार बदलते, पण गाभा एकच. चिमूटभर गांजा डाव्या तळहातावर घ्यायचा. त्यावर थोडे पाणी. उजव्या हाताच्या अंगठ्याने तो मळायचा, मुठीत दाबून पाणी पिळून काढायचे. पुन्हा पाणी, पुन्हा मळणे, पुन्हा पिळणे. असे दोन-चार वेळा. मग तो बारीक करून तंबाखूत मिसळायचा आणि चिलमीत भरायचा. मराठीत आपण ‘गांजा मळणे’ म्हणतो, तो हा विधी. चिलमीच्या तळाशी छोटा खडा, खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी, आणि मग झुरका. ती छापी म्हणजेही पाणीच: धूर थंड करणारे आणि राख अडवणारे.

म्हणजे तीन बादल्यांचे काम हा माणूस एका तळहातावर करत होता. एका वेळेपुरते, ओढण्याच्या क्षणी. ही वेळ महत्त्वाची आहे. धुतलेला माल साठवायचा नसल्यामुळे बुरशीचा प्रश्न नाही. तोलायचा नसल्यामुळे वजनाचा नाही. शेतकऱ्याला जे परवडत नव्हते आणि सरकारला जे नको होते, ते ओढणाऱ्याला सहज जमत होते, कारण साखळीत त्याच्या पुढे कोणी नव्हते.

मग धुण्याने गांजाची नशा उतरत नसे का? नाही, आणि यामागचे रसायनशास्त्र सुंदर आहे. तुऱ्यावरची राळ पाण्यात विरघळत नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील विल्यम ओ’शॉनेसी याने १८३९ मध्ये गांजावरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला तेव्हा त्याने औषधी अर्क काढला तो मद्यार्कात, पाण्यात नव्हे. हा अर्क तो धनुर्वातासारख्या दुखण्यांत वापरून पाहत होता, आणि पुढे युरोपभर गांजा औषध म्हणून गेला तो याच वाटेने. केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९० च्या दशकात हिंदी चरसातून ‘कॅनॅबिनॉल’ वेगळे केले. मुख्य मादक द्रव्य मात्र १९६४ पर्यंत हाती लागले नव्हते; ते इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. ते तेलात, तुपात, मद्यार्कात विरघळते. पाण्याशी त्याचे जमत नाही. तळहातावर पाणी पिळणाऱ्याला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. पाण्याबरोबर माती आणि कडवट उग्रपणा जातो, नशा राहते, एवढे त्याला अनुभवाने पुरते ठाऊक होते.

याच ज्ञानाची दुसरी बाजू भांगेत दिसते. भांग म्हणजे पाने. घोटण्यापूर्वी ती पुन्हा पुन्हा धुतात, महाशिवरात्रीची ठंडाई करणाऱ्या कोणालाही हे विचारा. धुण्याचे काम पाण्याचे, पण पुढे नशा उतरवून घेण्याचे काम दुधाचे. कारण दुधात स्निग्धांश असतो. एकाच पाककृतीत पाणी आणि दूध या दोहोंना नेमून दिलेली कामे वेगवेगळी आहेत. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याची नगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे ये-जा होती, त्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात भांगेला एक स्वतंत्र संवाद दिला. त्यात गुजरातच्या बहादूरशहाची एक गोष्ट आहे: रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की तो थोडी भांग खात असे. तिकीट स्वस्त होते, एवढे खरे.

थोडे थांबून एक शंका घेऊ. तळहातावरच्या या धुण्याला आपण ‘आरोग्याची जाण’ म्हणावे काय? मला ते ओढूनताणून वाटते. साधू, फकीर, गाडीवान, हमाल, रात्रीचे पहारेकरी अशा ज्या लोकांची नावे साक्षींत येतात, त्यांच्या दृष्टीने हा चिलमीच्या विधीचा भाग होता, जसे विडा लावणाऱ्याला पान पुसणे. ‘आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते’ या थाटाचा निष्कर्ष काढायला हा पुरावा पुरत नाही. पाण्याने धूळ जाते; पानाच्या आत भिनलेले, तेलात विरघळणारे काही असेल तर ते जात नाही. तळहाताने जात नाही आणि तीन बादल्यांनीही जात नाही. एकोणिसाव्या शतकात शेतावर फवारणी नव्हती म्हणून हा फरक पडत नव्हता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तुम्हाला इतरत्रही मिळेल. १९२५ च्या जिनिव्हा अफू परिषदेत गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, त्यात भांग आणि गांजा हे दोन्ही होते. म्हणूनच आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या किंवा फळांच्या शेंड्यांपुरती ठेवली गेली, पाने वगळली गेली. औषधाव्यतिरिक्तचा वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा १९८५ मध्ये अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला, ज्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नव्हेत.

खळे गेले, कोठार गेले, मोहर गेली. पीक मात्र गेले नाही.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या वनपट्ट्यात, पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या खानदेशातल्या वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचयाच्या आहेत. कापूस, तूर, मका यांच्या आडोशाने लावलेली रोपे, ट्रॅक्टरने भरून नेलेला माल, आणि बातमीच्या शेवटी इतके किलो, इतके लाख. ज्या सातपुड्याच्या एका बाजूला, खंडव्याकडे, एकेकाळी हे पीक सरकारी परवान्याने उभे होते, त्याच रांगेच्या दुसऱ्या बाजूची ही बातमी आहे. कापसाच्या शेतात आता फवारणी होते आणि कापसाआडच्या रोपाला ती चुकत नाही. हे पीक कोणत्याही बाजार समितीत, कोणत्याही प्रयोगशाळेत तपासले जात नाही. ते ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी तळहातावरचे पाणी आता पुरेसे नाही.

आणि या सगळ्यात पाणी पुन्हा एकदा वजन होऊन उभे राहिले आहे. एनडीपीएस कायद्यात गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि वीस किलोंवरचे ‘व्यापारी’ धरले जाते. व्यापारी प्रमाण बाळगल्याबद्दल किमान दहा वर्षे आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे, आणि जामीन मिळणे अतिशय अवघड. त्यामुळे तागडीवर नेमके काय चढवले, यावर माणसाची कित्येक वर्षे अवलंबून असतात. शेतातून नुकत्याच उपटलेल्या रोपात मूळ, खोड, पाने आणि भरपूर पाणी असते. व्याख्येतला शेंडा त्याचा लहानसा भाग. १८९० च्या दशकात बंगालचा अबकारी कारकून काड्यांच्या प्रमाणावरून चपट्याला कमी आणि चुऱ्याला जास्त कर लावत होता. काडी म्हणजे गांजा नव्हे, हे त्याच्या दरपत्रकाला कळत होते. आजच्या पंचनाम्यात सगळे रोप एकत्र तोलले गेले, तर तो फरक पुसला जातो.

हा वाद न्यायालयांत पुन्हा पुन्हा येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक जामीन अर्ज आला होता. जप्त केलेला हिरवट पानांचा माल व्यापारी प्रमाणाहून बराच जास्त भरत होता. न्यायालयाने कायद्यातली व्याख्या पुढे ठेवून म्हटले की फुलोऱ्याच्या शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया गांजात मोजता येत नाहीत, आणि इथे तर ते वेगळे तोललेच गेले नव्हते. जामीन मंजूर झाला.